थरथरता हात, सरळ खांच

चहाचा पेला बशीवर ठेवतांना आतांशा एक बारीकशी किणकिण होऊं लागली आहे. प्रथम मला वाटलें, बशीलाच कोठें तडा गेला असेल. पण एके दिवशीं दुसऱ्या बशीनेंहि तोच सूर काढला, तेव्हां दोष बशीकडे नसून माझ्या उजव्या हाताकडे आहे हें कबूल करणें भाग पडलें. डॉक्टरांनीं हात पुढें धरावयास सांगितलें, कागदावर एक वेटोळें काढून घेतलें, आणि "कंप आहे, पण भिण्यासारखा नाहीं, वयाबरोबर थोडा वाढेल," असें सांगून मला निरोप दिला. भिण्यासारखा नाहीं हें ऐकून घरांतील मंडळींना बरें वाटलें. मला मात्र घरीं येईपर्यंत एकच विचार छळीत होता : आतां माझ्या पटाशीचें काय?

कारण सेवानिवृत्त झाल्यापासून सुतारकाम हें माझें व्यसन होऊन बसलें आहे. व्यसन हा शब्द माझा नव्हे, सौभाग्यवतींचा आहे. आणि मागल्या गॅलरींतील भुसा बैठकीपर्यंत कसा येतो याचा पंचनामा ज्यांना रोज करावा लागतो, त्यांच्या शब्दाला हरकत घेण्याचा अधिकार मला नाहीं. तीस-पस्तीस वर्षें मीं वर्गांत भूमिति शिकविली. फळ्यावर काढलेली माझी प्रत्येक रेघ तास संपतांच पुसली गेली. लांकडावर काढलेली रेघ मात्र राहते. आणि ती चुकली तर चुकलेलीच राहते. या गोष्टीचें मला उतारवयांत विलक्षण आकर्षण वाटूं लागलें.

या खेपेस हातीं घेतलेलें काम साधें होतें : पुस्तकांची एक उघडी मांडणी. वडिलांनीं जपलेले जुन्या मासिकांचे बांधीव खंड आम्हीं वाडा सोडल्यापासून ट्रंकांत पडून होते. त्यांच्यासाठीं कांहीं वर्षांपूर्वीं मीं एक मांडणी केलीहि होती. पण तिच्या आडव्या फळ्या बाजूंना नुसत्या स्क्रूंनीं जखडल्या होत्या. ज्ञान हलकें असेल, कागद हलका नसतो. मीटरभर लांबीच्या फळीवर दाटीनें लावलेलीं पुस्तकें सहज वीस-पंचवीस किलो भरतात. शिवाय प्लायवूडच्या कडेंत शिरलेला स्क्रू थरांच्या मधोमध घुसतो. तेथें त्याला धरून राहण्यासारखें फारसें कांहीं नसतें. दोन पावसाळ्यांत स्क्रू सैल झाले, फळ्या झुकल्या, आणि एके रात्रीं वरची फळी सगळ्या खंडांसह खालीं आली. खंड पुन्हां ट्रंकांत गेले. "पुन्हां करीन, आणि नीट करीन," असें मी त्या रात्रीं म्हणालों होतों. बोललेलें वाक्य घरांत कोणीं विसरत नाहीं. निदान आमच्या घरांत नाहीं.

नीट करणें म्हणजे काय, हें सुताराला सांगावें लागत नाहीं. उभ्या फळीला आडवी खांच पाडावयाची, आणि आडवी फळी त्या खांचेंत बसवावयाची. मग भार स्क्रूवर पडत नाहीं, लांकडाच्या ओठावर पडतो. खांच फार खोल लागत नाहीं; १८ मिलिमीटरच्या फळीला ६ मिलिमीटर, म्हणजे जाडीचा तिसरा हिस्सा, पुरे होतो. पण तिची रुंदी मात्र फळीच्या जाडीइतकीच हवी. केसभर कमी झाली तर फळी आंत शिरत नाहीं. केसभर अधिक झाली तर ती आंत डुलत राहते. जुनी पद्धत अशी कीं, दोन रेघा ओढाव्या, त्यांवर करवतीचे दोन काप घ्यावे आणि मधला भाग पटाशीनें काढून टाकावा. हें काम मीं पूर्वीं केलें होतें. वाखाणण्यासारखें नव्हे, पण लाज वाटण्यासारखेंहि नव्हे. या खेपेस टाकाऊ तुकड्यावर हात चालवून पाहिला. करवत रेघ सोडून दीड मिलिमीटर पलीकडे गेली. पटाशी दोनदां घसरली आणि दुसऱ्या वेळीं डाव्या अंगठ्याला चाटून गेली. रक्त थोडेंसेंच आलें. मीं पटाशी पुसली, तिच्या पात्याला तेल लावलें, आणि ती खणांत ठेवून दिली. हत्यार कायमचें ठेवून देतांना माणूस तें जरा जास्तच काळजीनें पुसतो, असें मला वाटतें.

आमच्या वाड्याच्या दारां-खिडक्यांची डागडुजी ज्यांचे वडील करीत, ते मिस्त्री अजूनहि अधूनमधून आमच्याकडे डोकावतात. ते माझ्याहून तीन-चार वर्षांनीं मोठे. पण मी शिक्षक म्हणून मला 'सर' म्हणतात, आणि मी त्यांना 'मिस्त्री' म्हणतों. मीं माझें दुःख त्यांच्या कानावर घातलें आणि आतां विजेचें यंत्र घ्यावें म्हणतों, असेंहि सांगितलें. त्यांनीं चष्मा वर सारून माझा अंगठा पाहिला. "यंत्र फळी कापील, सर," ते म्हणाले, "पण हात कसा बसायचा? हात बसलेला असला म्हणजे मग कसली भीति नसते. रोज तासभर रंधा मारीत चला."

त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. पण तें सांगणाऱ्याचा हात थरथरत नव्हता. मी रविवार पेठेंतील बोहरी आळींत गेलों आणि एक छोटा राऊटर घेऊन आलों. ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. मुठींत मावेल अशी एक उभी मोटार, तिच्या खालच्या टोकाला बोटाच्या पेराएवढें पातें, आणि पात्याभोंवतीं सपाट बैठक. पातें मिनिटाला तीस हजारांपर्यंत फेरे घेतें. बैठक फळीवर टेकवून यंत्र पुढें सरकवीत गेलें कीं मागें खांच पडत जाते. या यंत्राचा पूर्वज विजेवांचून चालत असे : लांकडी ठोकळ्यांतून खालीं डोकावणारें एकच पातें, आणि त्यानें खांचेचा तळ खरडून सपाट करावयाचा. इंग्रज सुतारांनीं त्याचें नांव 'म्हातारीचा दांत' असें ठेविलें होतें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील सिराक्यूज शहरीं आर. एल. कार्टर नांवाच्या गृहस्थानें न्हाव्याच्या केस कापण्याच्या यंत्रांतील मोटार घेऊन या म्हातारीला विजेचा दांत बसविला, असें सांगतात. त्याचा धंदा १९२९ सालीं स्टॅन्ले कंपनीनें विकत घेतला.

नवा दांत पाहून मी हुरळलों होतों. माझी अशी समजूत होती कीं, शक्ति यंत्राची असली म्हणजे सरळपणाहि यंत्राचाच असावयाचा. ती अर्ध्या तासांत दूर झाली. यंत्राला डोळे नसतात. पात्याच्या फिरण्यामुळें तें सारखें एका बाजूला पळूं पाहतें. आणि धरणाऱ्याचा हात जेवढा हलेल तेवढें सगळें हलणें लांकडावर इमानानें उतरवून ठेवतें. पटाशीनें माझा कंप निदान थोडा झांकला होता. यंत्रानें तो कोरून ठेवला. पहिली खांच पाहून नातीनें विचारलें, "आजोबा, ही नदी आहे का?"

नदीचा कालवा करण्याचा उपाय ठाऊक होता. फळीवर एक सरळ पट्टी क्लॅम्पनें आंवळावी, आणि यंत्राची बैठक तिला टेकवून चालवावी. त्याप्रमाणें मीं १८ मिलिमीटर रुंदीचें पातें आणलें, पट्टी लावली, आणि खांच खरोखरच सरळ आली. आनंदानें मीं १८ मिलिमीटरची फळी तींत उभी केली. फळी सैल दांताप्रमाणें डुलूं लागली. व्हर्नियर काढून फळी मोजली, तर एका कोपऱ्यांत १७.४ आणि दुसऱ्यांत १७.६ मिलिमीटर भरली. दुकानदाराकडे जाऊन मीं जाब विचारला, तेव्हां तो शांतपणें हंसला. "अठरा हें प्लायचें नांव आहे, साहेब," तो म्हणाला, "माप नव्हे."

हें वाक्य मीं घरीं येतांना पुन्हां पुन्हां मनांत घोळविलें. आयुष्यभर मुलांना सांगत आलों कीं, आधीं मोजा, मग रेघ ओढा. येथें तर मोजणें हेंच चुकीचें मूळ ठरत होतें. फळी मोजावयाची, तें माप आंकड्यांत लिहावयाचें, त्या आंकड्यावरून पट्टी लावावयाची, पट्टीवरून पातें चालवावयाचें. प्रत्येक पायरीवर थोडें थोडें सांडत जातें. मग आंकडा मध्यें आणावयाचाच कशाला? फळीलाच विचारावें कीं, बाई, तुला किती जागा लागते?

परदेशांतील हौशी सुतार यासाठीं एक घरगुती साधन करतात. त्याला ते जिग म्हणतात. आपल्याकडे फर्मा म्हणतां येईल. त्यांत चार तुकडे असतात. दोन लांब पट्ट्या, प्रत्येकी ७५ सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर रुंद. यंत्र यांच्यावरून चालावयाचें म्हणून त्यांना मी रूळ म्हणतों. दोन आखूड पट्ट्या, ४५ सेंटिमीटर लांब आणि ७ सेंटिमीटर रुंद. सगळे तुकडे १८ मिलिमीटरच्या प्लायचे. म्हणजे नांवाच्या अठराचे. आखूड पट्ट्या खालीं आडव्या ठेवावयाच्या आणि त्यांवर रूळ उभे टाकावयाचे, कीं एक चौकट तयार होते. पहिला रूळ आडव्या पट्ट्यांना बरोबर काटकोनांत, फेव्हिकॉल आणि स्क्रू लावून, कायमचा जखडावयाचा. दुसरा रूळ सुटा. त्याच्याखालीं आडव्या पट्ट्यांना लांबट चिरा; चिरांतून वर येणारे ६ मिलिमीटर जाडीचे बोल्ट; आणि रुळाच्या बाहेरल्या कडेला, यंत्राच्या वाटेंत येणार नाहींत असे, हातानें आंवळतां येणारे पंखांचे नट. बोल्टचीं डोकीं खालून बाहेर डोकावूं नयेत म्हणून चिरेच्या कडा खालून थोड्या खरवडून घ्याव्या लागतात. नट ढिले केले कीं दुसरा रूळ पहिल्याजवळ सरकतो किंवा दूर जातो. आंवळले कीं जागच्या जागीं थिजतो.

खरी गंमत पुढेंच आहे. जी फळी खांचेंत बसवावयाची, तिचेच दोन तुकडे कडेवर उभे करून रुळांच्या मध्यें, दोन टोकांना, ठेवावयाचे. दुसरा रूळ त्यांना येऊन भिडेपर्यंत सरकवावयाचा, आणि नट आंवळून तुकडे काढून घ्यावयाचे. दोन रुळांमध्यें आतां जी फट राहिली, ती १७.४ नव्हे कीं १७.६ नव्हे, ती त्या फळीची स्वतःची फट. चिकटविण्याच्या द्रव्याला थोडी जागा हवी म्हणून तुकड्याबरोबर एक साधा लिहिण्याचा कागद घालावा, म्हणजे सुमारें दहांश मिलिमीटर सवड मिळते. मग राऊटरला १२ मिलिमीटरचें, वरच्या बाजूस बेअरिंग असलेलें पातें लावावयाचें. बेअरिंगचा व्यास पात्याच्या व्यासाएवढाच असतो. तें रुळाच्या कडेला टेकून फिरत राहतें, आणि पातें रुळाची कड जशीच्या तशी खालीं लांकडावर उतरवितें. हात थरथरला तरी बेअरिंग रुळाच्या पलीकडे जाऊंच शकत नाहीं. आणि हात आंतल्या बाजूस थरथरला तर तेथील लांकूड तसेंहि काढूनच टाकावयाचें असतें.

तीन दिवसांत माझा फर्मा तयार झाला. मीं मोठ्या डौलानें एक खांच पाडली. फळी तींत अशी बसली कीं, काढतांना नातीला माझ्या मदतीला यावें लागलें. पण मांडणीच्या दोन उभ्या फळ्या शेजारींशेजारीं ठेवून ती खांच दोन्हींवरून ओढली, तेव्हां ध्यानांत आलें कीं खांच तिरकी जात आहे. दोन फळ्यांच्या ५६ सेंटिमीटर रुंदींत ती दोन मिलिमीटर खालीं उतरली होती. फर्म्याचा काटकोन चुकला होता.

असें होणें शक्यच नव्हतें; कारण काटकोन मीं वडिलांच्या गुण्यानें लावला होता. शिसवी मुठीचा आणि पितळी पट्टी जडविलेला तो गुण्या त्यांच्या पेटींत आयुष्यभर होता. ते कांहीं सुतार नव्हते. पण चित्राची चौकट असो, कीं वहीचा समास असो, ते तो गुण्या काढीत आणि 'आतां वाद नको' अशा मुद्रेनें रेघ ओढीत. मीं एका फळीच्या सरळ कडेला तो गुण्या लावून रेघ काढली. मग तो उलटा करून त्याच ठिकाणीं दुसरी रेघ काढली. गुण्या खरा असेल तर दोन रेघा एकमेकींवर पडतात. खोटा असेल तर त्या फांकतात, आणि त्यांच्यांतलें अंतर मूळ चुकीच्या दुप्पट दिसतें. माझ्या रेघा फांकल्या. तो गुण्या कधीं पडला असेल, कोणाच्या हातून पडला असेल, कोणास ठाऊक. कदाचित् माझ्याच हातून, लहानपणीं. बराच वेळ मी त्या दोन रेघांकडे पाहत बसलों. वडिलांचा गुण्या चुकतो ही गोष्ट घरांत कोणाला सांगावी असें मला वाटेना. अजूनहि मीं ती सांगितलेली नाहीं.

तेव्हां मी त्याच्याहून जुन्या गुण्याकडे वळलों. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आंखण्याच्या रीति आहेत. 'शुल्ब' म्हणजे दोरी. काटकोनाची बाजू ३, दुसरी बाजू ४, तर कर्ण ५, हें नातें त्या लोकांना चांगलें अवगत होतें. मीं हें नातें फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल याची गणती नाहीं. पण त्याची गरज मला स्वतःला अशी कधींच पडली नव्हती. आडव्या पट्टीवर ३० सेंटिमीटरची खूण केली, रुळावर ४० ची केली, आणि तिरपें अंतर ५० भरेपर्यंत दोन्ही तुकडे इकडेतिकडे हलवीत राहिलों. चिकटलेला जुना जोड सुटेना, म्हणून पहिला रूळ आणि आडव्या पट्ट्या नव्यानें कापाव्या लागल्या. हें सगळें मीं सकाळीं केलें. सकाळीं माझा हात जरा शहाण्यासारखा वागतो. एकेक स्क्रू पिळतांना पुन्हां मोजलें. दुपारचे बारा वाजले तेव्हां फर्मा काटकोनांत होता.

त्याच संध्याकाळीं मिस्त्री आले. मीं फर्मा त्यांच्यापुढें ठेविला, जरा धास्तीनेंच. त्यांनीं तो उचलून डोळ्याजवळ धरला, रुळाच्या कडेवरून अंगठा फिरविला, नट ढिले करून पुन्हां आंवळले. चांगलें म्हणाले नाहींत, वाईटहि म्हणाले नाहींत. चहा घेऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशीं आले ते हातांत एक काळपट सागवानी पट्टी घेऊन. हातभर लांबीची, एका अंगाला खांचाच खांचा पाडलेली.

"माझ्या वडिलांची," ते म्हणाले. "त्यांना लिहितां येत नव्हतें, सर. दाराचीं, खिडकीचीं, जिन्याच्या पायरीचीं मापें हिच्यावर आहेत. शेवटीं शेवटीं त्यांना दिसत नव्हतें. तेव्हां या खांचांवरून बोट फिरवून माप सांगायचे, आणि मी कापायचा."

मीं पट्टीवरून बोट फिरविलें. खांचांच्या कडा बोटांनीं झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

"मग तुम्ही तर म्हणत होतां, हात बसला पाहिजे," मीं विचारलें.

"बसलाच पाहिजे कीं," मिस्त्री म्हणाले. "पण बसलेला हातसुद्धां एखाद्या दिवशीं उठतो, सर."

डेव्हिड पाय नांवाचे एक इंग्रज कारागीर होऊन गेले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्यें ते लांकडी सामानाच्या रचनेचे प्राध्यापक होते. कारागिरीचें स्वरूप उलगडणारा त्यांचा ग्रंथ १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांनीं कारागिरीचे दोन प्रकार मानले आहेत. एक जोखमीची : काम चालू असतां प्रत्येक क्षणीं तें बिघडूं शकतें, आणि त्याचें बरेंवाईट कारागिराच्या हातावर व अवधानावर लोंबकळत असतें. दुसरी निश्चितीची : काम सुरू होण्यापूर्वींच त्याचा परिणाम ठरून गेलेला असतो. लेखणीनें लिहिणें हें पहिल्याचें उदाहरण, छपाई हें दुसऱ्याचें. हा भेद वाचून मला आधीं थोडें खजील वाटलें होतें. माझा फर्मा म्हणजे जोखमींतून काढलेला पळच नव्हे काय? पटाशीशीं झुंजावयाचें सोडून मीं स्वतःला रुळांवर घातलें. आगगाडी सरळ जाते याबद्दल आगगाडीची पाठ कोणीं थोपटीत नाहीं.

पण मिस्त्रींची पट्टी हातांत घेतल्यावर माझें मत बदललें. जोखीम नाहींशी झालेली नाहीं. ती फक्त आधींच्या वेळीं सरकली आहे. काटकोन लावण्याच्या त्या एका सकाळीं सगळी जोखीम मीं घेतली, आणि माझ्यापाशीं होतें नव्हतें तें सगळें अवधान त्या चार तुकड्यांत घातलें. तें आतां तेथें आहे. मिस्त्रींच्या वडिलांनीं डोळे चांगले होते तेव्हां पाडलेल्या खांचा, डोळे गेल्यावर त्यांच्या उपयोगीं पडल्या. आपल्या चांगल्या दिवसांनीं आपल्या वाईट दिवसांसाठीं कांहीं तरी करून ठेवावें, यांत लाजण्यासारखें काय आहे? बँकेंत पैसे ठेवणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नाहीं.

गेल्या रविवारीं मीं मांडणीच्या खांचा पाडल्या. शेजाऱ्यांची वामकुक्षी आटोपेपर्यंत थांबलों. डोळ्यांवर चष्मा चढविला, नाकातोंडावर पट्टी बांधली. उभ्या फळ्या दोन. त्या शेजारींशेजारीं ठेवून प्रत्येक खांच दोन्हींवरून एकाच दमांत ओढली. हा भाग मला सगळ्यांत आवडतो. फळ्या निराळ्या ठेवून खांचा पाडल्या तर एक वर आणि एक खालीं होण्याचा संभव. एकत्र पाडल्या, आणि समजा माझी खूण दोन मिलिमीटर चुकली, तरी दोन्हीकडे सारखीच चुकते, आणि वर ठेवलेलें पुस्तक मुळींच कलंडत नाहीं. संसारांतहि हें तत्त्व मला उपयोगी पडलेलें आहे. पण तो निराळा विषय आहे.

खोली एकदम घेतली नाहीं. तीन मिलिमीटर पहिल्या फेरींत, तीन दुसऱ्या. यंत्र पुढें ढकलतांना डाव्या रुळाला टेकवून न्यावयाचें आणि परत आणतांना उजव्या. म्हणजे पात्याचा ओढा त्याला आपण होऊन रुळाशीं दाबून धरतो. उलट नेलें तर तें रूळ सोडून पळूं पाहतें. पातें फळीबाहेर निघतांना कडेचे तुकडे उडूं नयेत, म्हणून तेथें फर्म्याची आडवी पट्टी भिडलेली असतेच. ओरखडे तीच सोसते. माझा हात नेहमींप्रमाणें थरथरत होता. यंत्राच्या गुरगुरण्यांत तें मला स्वतःलाहि कळत नव्हतें. आठव्या खांचेनंतर यंत्र बंद केलें, भुसा फुंकून टाकला, आणि कडेवरून नख ओढलें. नख कोठेंहि अडलें नाहीं.

फळ्या बसवितांना नात जवळ होती. लांकडी हातोडीचे हलके ठोके दिले, तशी एकेक फळी आंत सरकली. शेवटीं खांचेंतली हवा बाहेर पडल्याचा एक सुस्कारा ऐकूं येई, आणि मग ती हलत नसे. वडिलांचे खंड दुसऱ्या दिवशीं ट्रंकांतून निघाले. सौभाग्यवतींनीं ते पुसून ओळीनें लावले, आणि शेवटीं मांडणीला दोन्ही हातांनीं हलवून पाहिलें. ती हलली नाहीं. "या खेपेस नीट झाली," त्या म्हणाल्या. त्या रात्रीचें माझें वाक्य त्यांच्याहि स्मरणांत होतें तर!

फर्मा आतां गॅलरींत एका खिळ्याला टांगला आहे. त्याच्या आडव्या पट्टींत पात्यानें पाडलेली खांच आहे. पुढच्या वेळीं पेन्सिलीची खूण तिच्याशीं जुळविली कीं झालें. शेजारच्या खिळ्याला वडिलांचा गुण्या आहे. तो मीं दुरुस्त केलेला नाहीं. फक्त त्याच्या मुठीच्या मागें, कोणाला सहज दिसणार नाहीं अशा जागीं, पेन्सिलीनें एक बारीक बाण काढून ठेवला आहे. तो कोणत्या बाजूला कलतो, हें माझ्यामागून तो वापरणाऱ्याला कळावें, म्हणून. बाण काढतांना हात हललाच. तो थोडा वांकडा आला आहे.